बाळंतपण उचलीच्या वहीत नको

‘वेठबिगार’ हा शब्द कानावर पडला की आपल्याला जुना काळ आठवतो. सावकाराची वही, कोऱ्या कागदावरचा अंगठा आणि बापाचे कर्ज फेडण्यासाठी राबणारा मुलगा. ‘आता कुठे राहिले ते?’ असे आपण सहज म्हणून जातो. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली बंद झाली हे खरेच आहे. परंतु आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आणखी दोन संस्थांच्या सोबतीने २०२२ साली एक अंदाज प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे पाच कोटी माणसे आधुनिक गुलामगिरीत जगत होती. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख सक्तीच्या मजुरीत होती आणि २ कोटी २० लाख सक्तीच्या विवाहात अडकलेली होती.

वाचक विचारतील, ‘डॉक्टर, आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला?’ कारण सरळ आहे. अशा जोखडाखाली बाई आली की पहिला घाव तिच्या गरोदरपणावर आणि गर्भाशयावर बसतो. आणि हे जोखड बाहेरच्या माणसाच्या नजरेस पडण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे गरोदरपणातली तपासणी. दिवसभर मुकादमाच्या नजरेखाली असणारी बाई एरवी कोणाशी एकटी बोलत नाही. नर्सबाईंसमोर किंवा डॉक्टरांसमोर मात्र ती काही मिनिटे एकटी बसू शकते.

उचल म्हणजे काय?

आपल्या सिंधुदुर्गात बाहेरून येणारे मजूर काही नवे नाहीत. जांभ्या चिऱ्याच्या खाणीवर कर्नाटकातली कुटुंबे राबतात. देवगडकडच्या आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार असतात. वैभववाडी, कणकवली भागातला ऊस घाट चढून गगनबावड्याच्या बाजूला कारखान्याला जातो आणि तो तोडायला टोळ्या येतात. प्रत्येक खाण किंवा प्रत्येक टोळी म्हणजे वेठबिगारी असे मी म्हणत नाही. माणसाला माणसासारखे वागवणारे मालक मी पाहिले आहेत. पण या सर्व कामांत एक गोष्ट सारखी असते, ती म्हणजे उचल.

उचल म्हणजे कामाआधी घेतलेली रक्कम. पावसाळ्यात घरी चूल पेटत नाही, मुलीचे लग्न असते, आजारपण असते, तेव्हा मुकादम पैसे देतो. ते हंगामात कामातून फेडायचे. नुसती उचल घेणे हा गुन्हा नाही. परंतु फेड होईपर्यंत जागा सोडता येत नाही, दुसरे काम धरता येत नाही, किमान मजुरी मिळत नाही, आजारी पडले तरी जाऊ देत नाहीत, असे झाले की त्या उचलीचा फास होतो. कायदा त्यालाच वेठबिगारी म्हणतो. दारावर कुलूप किंवा पायात बेडी असायलाच हवी असे नाही. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे हेही घटनेच्या २३व्या कलमाखाली सक्तीचे काम ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितले आहे.

बीडचा धडा

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी धरली जाते. तिला ‘कोयता’ म्हणतात. उचल कोयत्यावर मिळते, एकट्या माणसावर नव्हे. म्हणजे बाई घरी राहिली तर कोयता मोडला. बाई एक दिवस कामावर गेली नाही तर तो ‘खाडा’, आणि अनेक ठिकाणी खाड्याचा दंड त्या दिवसाच्या मजुरीहून जास्त असतो. मुकादमाच्या वहीत बाळंतपणाला आणि पाळीला रजा नसते.

याचा परिणाम काय झाला तो २०१९ साली साऱ्या देशाने पाहिला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांत, ऐन तिशी-पस्तिशीत, गर्भाशय काढून टाकलेल्या बायका मोठ्या संख्येने आहेत हे वर्तमानपत्रांतून उघड झाले. त्याच वर्षी विधिमंडळात सरकारने सांगितले की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत मिळून ४,६०५ गर्भाशये काढण्यात आली. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सहा जणींमागे एकीचे. साऱ्या देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात सुमारे तीन आहे. ही तफावत रोगाने पडलेली नाही, कामाच्या रीतीने पडलेली आहे.

हे घडते कसे, ते समजून घ्या. मुलगी सोळा-सतराची झाली की कोयता पुरा करण्यासाठी तिचे लग्न उरकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात विशीतल्या सुमारे २२ टक्के मुलींची लग्ने अठराच्या आत झालेली होती. बीडमध्ये तोच आकडा ४० टक्क्यांच्या वर होता. विशी-बाविशीत दोन-तीन बाळंतपणे होतात, तीही फडाशेजारच्या कोपीत. बाळंतीण आठ-दहा दिवसांत पुन्हा मोळ्या उचलते. पाणी नाही, आडोसा नाही, म्हणून लघवी तुंबवून धरते आणि पाळीचे कपडे ओलेच वापरते. मग पांढरे जाते, ओटीपोट दुखते, पाळीत अतिरक्तस्राव होतो. डॉक्टरकडे गेली तर कोणी सांगतो, ‘पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका.’ बाईला वाटते, पाळीच गेली तर खाडाही गेला. शस्त्रक्रियेचे पैसे मुकादमच देतो आणि ते पुढच्या हंगामाच्या उचलीत लिहितो. ज्या दुखण्याचे मूळ उचलीत, त्याच दुखण्याचा इलाज उचल आणखी वाढवतो. हे चक्र एकदा नीट ध्यानात घ्या, म्हणजे ते कुठे तोडायचे तेही कळेल.

सव्वा महिना कशासाठी?

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याची रीत आहे. जुन्या बायकांचे हे म्हणणे शास्त्रालाही मान्य आहे. बाळंतपणात ताणलेले गर्भाशय पूर्ववत व्हायला सुमारे सहा आठवडे लागतात. त्याला आधार देणारे स्नायू आणि बंध या काळात सैल असतात. अशा वेळी पंचवीस-तीस किलोची मोळी किंवा चिऱ्याचे ओझे डोक्यावर घेतले तर पोटातला दाब खाली येतो, आणि पुढे ‘अंग बाहेर येणे’ सुरू होते. गरोदरपणात दिवसभर वाकून काम, उपाशीपोटी ऊन आणि कमी पाणी यांनी दिवस पुरे होण्याआधी कळा येण्याचा आणि बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. आईचे रक्त कमी असेल तर बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही तिच्या जिवावर बेततो.

महाराष्ट्रात २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू होत होते, तर साऱ्या देशाचा आकडा ९७ होता. आपला आकडा चांगला आहे यात शंका नाही. पण सरासरीच्या आड कोपीतली बाई दिसत नाही. ती दरवर्षी सहा महिने आपल्या गावाबाहेर असते. तिच्या गावच्या आशाताईच्या यादीत तिचे नाव असते पण बाई नसते. फडाच्या गावात बाई असते पण यादीत नाव नसते.

पहिला उपाय : तपासणी फुकट होऊ द्या

मागे माझ्या दवाखान्यात एका टोळीचा मुकादम सातव्या महिन्यातल्या बाईला घेऊन आला. पाय सुजलेले, डोके दुखत होते. मी तिला काही विचारले की उत्तर हा द्यायचा. रक्तदाब वाढलेला होता. त्याला मी औषध आणायला बाहेर धाडले तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘डाक्टर, कुठंच दाखवलं न्हाई. खाडा पडतो.’ परत आल्यावर तो मोठ्या उदारपणे म्हणाला, ‘बिल माझ्याकडं द्या, मी लिहून घेतो.’ त्या ‘लिहून घेतो’मध्ये सारे आले. मी तिला कणकवलीच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवले, कारण तिला भरती करण्याची गरज होती आणि तिथे लिहून घेण्यासारखे बिलच होत नाही.

वाचकहो, ही गोष्ट आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला. त्यानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, तपासण्या आणि तिथले जेवण मोफत आहे. घरून रुग्णालयात नेणे आणि परत सोडणे हेही मोफत आहे. बाई कुठल्या जिल्ह्याची, कुठल्या राज्याची, हा प्रश्न येत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर डॉक्टरांकडून तपासणी होते. माता व बाल संरक्षण कार्ड कुठल्याही गावी चालते. ते कार्ड बाईच्या हातात असावे, मुकादमाच्या पिशवीत नव्हे. अडल्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

निदान चार तपासण्या व्हाव्यात: पहिली बाराव्या आठवड्याच्या आत, दुसरी १४ ते २६ आठवड्यांत, तिसरी २८ ते ३४ मध्ये आणि चौथी ३६व्या आठवड्यानंतर. प्रत्येक वेळी वजन, रक्तदाब, लघवी आणि रक्ताचे प्रमाण पाहावे. हिमोग्लोबिन ११च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७च्या खाली म्हणजे तातडीचा प्रश्न. लोहाची गोळी रोज एक, निदान १८० दिवस. ती चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. जेवणात पालेभाजी, शेवग्याचा पाला, कडधान्य, नाचणीची भाकरी आणि परवडेल तेव्हा अंडे किंवा मासळी असावी.

हातापायाला किंवा तोंडाला सूज, सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, ताप, फिट येणे, बाळाची हालचाल कमी होणे यांतले काहीही दिसले तर हंगाम पाहू नये. तडक रुग्णालय गाठावे.

दुसरा उपाय : बाईशी एकटीशी बोला

माझे हे सांगणे मुख्यतः डॉक्टर, नर्सबाई आणि आशाताईंसाठी आहे. तपासणीची खोली ही बाईची खोली. ‘आत फक्त पेशंट’ हा नियम सर्वांना लावावा, म्हणजे एकीवरच संशय घेतला असे दिसत नाही. भाषा येत नसेल तर दुभाष्या मुकादमाचा माणूस नसावा. मग वजन-रक्तदाब घेता घेता सहज विचारावे: तुमचे आधार कार्ड कोणाकडे असते? मजुरी कोणाच्या हातात येते? उचल किती घेतली आणि आता किती राहिली, हे तुम्हाला माहीत आहे का? बाळंतपणाला माहेरी जायचे म्हटले तर जाता येईल का? एक दिवस कामावर नाही गेलात तर काय होते? मागच्या बाळंतपणाचा खर्च कोणी केला? कोणी मारहाण किंवा अंगलट करतो का?

उत्तरे ऐकून एकदम मुकादमावर धावून जाऊ नये. आपण बोलून मोकळे होतो आणि रात्री कोपीत तिला सोसावे लागते. तिला काय हवे ते आधी विचारावे. पुष्कळदा तिला लगेच पळून जायचे नसते. तिला कामात सूट हवी असते, कागद हवे असतात, किंवा घरी निरोप द्यायचा असतो. ‘गरोदर आहे, ओझे उचलू नये, अमुक दिवस विश्रांती’ असे सही-शिक्क्याचे पत्र द्यावे. ती जे बोलली ते तिच्या संमतीवाचून कोणाला सांगू नये. याला एक अपवाद आहे. मुलगी अठराच्या आतली आणि गरोदर असेल तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, लग्न झालेले असले तरी. १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवरही कळवता येते. तिचे वय वाढवून लिहिणे ही दया नव्हे.

तिसरा उपाय : ‘पिशवी’ची घाई नको

पांढरे जाणे, पाळीतला त्रास, कंबरदुखी एवढ्यावरून गर्भाशय काढण्याची गरज सहसा नसते. जंतुसंसर्ग असेल तर गोळ्यांनी बरा होतो. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते. अतिरक्तस्रावावर आधी औषधे देऊन पाहतात. कॅन्सरची भीती असेल तर गर्भाशयाच्या तोंडाची साधी तपासणी असते, ती तिशीनंतरच्या स्त्रियांसाठी सरकारी केंद्रांत मोफत होते. मोठ्या गाठी, कॅन्सर, फार बाहेर आलेले अंग अशा काही कारणांसाठी शस्त्रक्रिया योग्यच आहे, पण आधी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. चाळिशीच्या आत गर्भाशय आणि त्याबरोबर बीजकोशही काढले तर अकाली रजोनिवृत्ती येते. हाडे ठिसूळ होतात, अंगातून वाफा येतात, कंबर धरते. बीजकोश ठेवले तरी पाळी जाण्याच्या काळातली लक्षणे लवकर सुरू होऊ शकतात. म्हणजे कामासाठी पिशवी काढली आणि कामाचेच बळ गेले.

अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालण्याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २०२२ साली काढली. ती सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी दिला. बीडमध्ये तर २०१९ नंतर खासगी रुग्णालयाने अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची पद्धत घालून देण्यात आली.

कायदा काय देतो?

वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा, १९७६ नुसार वेठीचे कर्ज आपोआप रद्द होते. ते फेडण्याची जबाबदारी मजुरावर राहत नाही. ते कर्ज वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर असतो, बाईवर नव्हे. वेठीला धरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार तहसीलदार, प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे करावी. केंद्र सरकारच्या २०१६ च्या योजनेत सुटका झालेल्या स्त्रीला दोन लाख रुपयांचे पुनर्वसन साहाय्य ठरवले आहे. लैंगिक शोषण किंवा तस्करीच्या गंभीर प्रकरणांत ते तीन लाख आहे. उत्पन्न कितीही असो, स्त्रीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे. महिलांसाठी मदतवाहिनी १८१ आहे आणि जिवाला धोका असेल तर ११२.

आपण काय करावे?

तुमच्या बागेत, खाणीवर, शेतावर टोळी आली तर पहिल्याच आठवड्यात गावच्या आशाताईंना बोलावून गरोदर बायका, बाळंतिणी आणि लहान मुले यांची नोंद करून घ्या. पिण्याचे पाणी, आडोशाचा संडास आणि सावली एवढे तरी द्या. गरोदर बाईला ओझे सांगू नका आणि ९ तारखेला तपासणीला जाण्यासाठी खाडा न धरता सोडा. एक दिवसाच्या मजुरीने बागायतदाराचे दिवाळे निघत नाही. मुकादमाशी करार करताना एकच अट घाला, की आजारपण आणि बाळंतपणाचा पैसा उचलीत लिहायचा नाही. सरकारी रुग्णालय असताना तो लिहिण्याचे कारणच नाही.

ज्यांच्या गावात टोळी येत नाही त्यांनी इतकेच करावे. बसस्टँडवर, बाजारात, दवाखान्याच्या ओटीवर परमुलखातली पोटुशी बाई दिसली तर ‘कार्ड काढलंय का?’ एवढे विचारावे आणि ९ तारीख सांगावी. आपल्या घरच्या सुनेला सातव्या महिन्यात कळशी उचलू देत नाही, तिच्या डोक्यावरची मोळीही आपल्याला दिसायला हवी.